नऊ खणांचं घर

घर बांधायला निघालेला माणूस आमच्या ऑफिसात आला की आधी खोल्या सांगायचा. दोन बेडरूम, हॉल, देवघर, आणि पुढेमागे वर मजला चढवता आला पाहिजे. भालेराव काकांनी आधी बायकोचं पाऊल सांगितलं.

"साठ सेंटिमीटर," ते म्हणाले. "घाईत पासष्ट. पण ती घाई करत नाही."

मी तेव्हा निगडीला, प्राधिकरणात, एका सल्लागाराच्या ऑफिसात नवीन लागले होते. आधीच सांगून टाकते: मी बी.ई. सिव्हिल, आणि आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली. वडील परभणीहून इकडे आले आणि कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटत राहिले. माझं पदवीचं सर्टिफिकेट त्यांनी लॅमिनेट करून टीव्हीच्या वर लावलंय. घरी कुणीही आलं की पाण्याच्या आधी ते दाखवतात. तेव्हा माप, आकडा, नकाशा या गोष्टींत मला कुणी शिकवू नये, असं त्या दिवसांत माझं पक्कं मत होतं.

समोर उभा होता तो साठीचा, अंगानं वाळका माणूस. पूर्ण बाहीचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली. खिशात पेन नाही, स्टीलची एक छोटी पट्टी. काखेत प्लंबिंगचा पाइप, दोन्ही टोकांना टोपणं लावलेला. मी चाकांची खुर्ची पुढे केली तर म्हणाले, "ही नको. पळणाऱ्या खुर्चीवर बसून सरळ रेघ येत नाही." कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, बेसिनवर जाऊन हात धुतले, रुमालाला पुसले आणि मग पाइपातून नकाशा बाहेर काढला.

शाळेच्या आलेख वहीचे कागद एकमेकांना चिकटवले होते. त्यावर एक मोठा चौकोन, त्याचे नऊ सारखे चौकोन, जिथे रेघा एकमेकींना भेटतात तिथे खांब. सोळा खांब. मधला चौकोन मोकळा, वर आभाळ. आत दारं कुठेच नाहीत.

"काका, बेडरूमला दार?"

"अर्धवट उघडं दार कपाळाला लागतं."

"प्रायव्हसी?"

"दोघंच राहणार. तीस वर्षं झाली लग्नाला. आता कसली प्रायव्हसी?"

आमचे साहेब आतून ऐकत होते. ते बाहेर आले आणि हसत म्हणाले, "काका, आपल्याकडे वन-बीएचकेचे तीन मस्त प्लॅन तयार आहेत. त्यातला एक घ्या, चार दिवसांत देतो."

"तयार प्लॅन चालतो हो," काका म्हणाले. "चालतो, पण पोचतो का?"

हा त्यांचा नेहमीचा शब्द होता. कुणी 'चालतंय की' म्हटलं की ते हाच सवाल टाकायचे. साहेबांनी खांदे उडवले आणि ते काम माझ्या टेबलावर आलं.

काका पॅटर्नमेकर होते. पिंपरीच्या एका फाउंड्रीत सगळी नोकरी त्यांनी लाकडाचे नमुने करण्यात काढली. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, भाग ओतायचा असला की आधी तो हुबेहूब लाकडात करतात, वाळूत दाबतात, काढून घेतात. वाळूत जी पोकळी राहते तिच्यात वितळलेलं बीड जातं. काका सांगायचे, "लोक म्हणतात भालेरावनं पंपाची बॉडी केली. मी कधीच बॉडी केली नाही. मी पोकळी केली. घर पण तेच असतं, इंजिनियरबाई. माणूस भिंतीत राहत नाही, पोकळीत राहतो."

'इंजिनियरबाई' हे त्यांनी पहिल्याच दिवशी सुरू केलं. सुरुवातीला वाटलं टोमणा आहे. नव्हता. त्यांचं शिक्षण नववीपर्यंत होतं, आणि माझी पदवी त्यांना माझ्या वडिलांइतकीच मोठी वाटायची. फक्त ती लॅमिनेट करून ठेवू नये, वापरावी, एवढंच त्यांचं म्हणणं.

पावलाचं कारण मला तिसऱ्या भेटीत कळलं. त्या दिवशी सुमनकाकू सोबत आल्या होत्या. जिना चढताना प्रत्येक पायरीवर त्यांनी आधी टाच टेकवून पाहिली. काचबिंदू. कडेचं दिसणं गेलं होतं, आता मधलंही आवळत चाललं होतं. डॉक्टरांनी किती महिने ते सांगितलं नव्हतं, पण म्हणाले होते, 'घरातल्या वस्तूंच्या जागा ठरवून टाका, आणि दिसतंय तोवर त्यांची सवय करा.'

मुलगा पिंपळे सौदागरला बाराव्या मजल्यावर राहायचा. चांगला मुलगा. 'आई, इकडेच या, लिफ्ट आहे, वॉचमन आहे,' म्हणायचा. काकू आठ दिवस राहून आल्या आणि मला म्हणाल्या, "पोरगं देवमाणूस आहे गं. पण बाथरूमला जायचं म्हटलं तरी हाताला धरून नेतंय. पाहुणा आला की मला सोफ्यावर बसवून ठेवतात, फ्लॉवरपॉटवानी. मला माझ्या हातानं चहा करून, माझ्या पायानं नेऊन द्यायचाय. तेवढं झालं की मग दिसो न दिसो."

चाकणच्या पुढे, एमआयडीसीच्या कडेला, काकांनी निवृत्तीच्या पैशांतून दोन गुंठे घेऊन ठेवले होते. तिथे हे घर उभं करायचं, काकूंची नजर शाबूत आहे तोवर त्यांना त्यात आणायचं, आणि डोळ्यांनी ते पाठ करून घ्यायचं. एक खण तीन मीटरचा, म्हणजे काकूंची पाच पावलं. सरळ रेघेत कुठेही जायचं तर पाच, दहा किंवा पंधरा. चौथा आकडाच नाही.

खण हा शब्द त्यांचाच. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. जुने लोक घर चौरस फुटांत सांगत नसत, पाच खणी, सात खणी असं सांगत. मला कॉलेजात ग्रिड शिकवलं होतं. मी म्हटलं, "काका, हे ग्रिड झालं." ते म्हणाले, "असेल. आमच्या बापानं दुसऱ्यांचे खण उभे केले, सुताराच्या हाताखाली. त्याला हा शब्द माहीत नव्हता."

एका रविवारी ते आम्हाला भाज्याच्या लेण्यांत घेऊन गेले. मला वाटलं सहल आहे, मी डबा घेतला. त्यांनी ओळंबा, आलेख वही आणि खडू घेतला. काकूंनी वर पोचल्यावर आधी चैत्यासमोर हात जोडले, बराच वेळ उभ्या राहिल्या. तेवढ्यात काका बाजूच्या विहारात शिरून कामाला लागले होते. मधे चौकोनी दालन, तिन्ही बाजूंना भिक्खूंच्या खोल्या, प्रत्येक खोलीत दगडातच कोरलेला ओटा. लोक फोटो काढत होते. हा माणूस ओट्याची उंची गुडघ्याला लावून बघत होता.

"इकडे ये. इथं भिंत कुणी बांधलेली नाही. नको होतं तेवढं काढून टाकलंय. आम्ही वाळूत करायचो ते ह्यांनी डोंगरात केलं. आणि ह्यांना परत भरता येत नव्हतं. जास्त निघालं की निघालं."

मग म्हणाले, "दिवा नसताना हे लोक कसे हिंडत असतील?" आणि डोळे मिटून, एक हात भिंतीला लावून चालायला लागले. हाताला ओटा लागला, ओट्यावरून कोनाडा, कोनाड्यावरून पुढची कड. चेहऱ्यावर असा आनंद की जणू कुणी त्यांना हाताला धरून घर दाखवतंय. चौथ्या खोलीच्या दारात कपाळ खाडकन वरच्या दगडावर आपटलं.

काकू बाहेरून आवाजावर आल्या. काय झालं ते कळल्यावर पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "अहो, दोन हजार वर्षं ते दार तिथंच आहे. माझे डोळे गेले तर समजण्यासारखं आहे, तुमचं काय?"

काकांनी एका हातानं कपाळ दाबलं आणि दुसऱ्या हातानं वहीत लिहिलं: 'चौकट उंच घेणे.' त्या पानावर आणखी तीन गोष्टी लिहिलेल्या होत्या आणि त्या तिन्ही पुढे घरात आल्या. भिंतीच्या कडेनं सलग ओटा, म्हणजे पोटरीला कळत राहतं. सगळे कोनाडे एकाच उंचीला, प्रत्येक खणात. आणि पायाखालची जमीन प्रत्येक खणाला वेगळी: एकीकडे खरबरीत शहाबादी, एकीकडे घोटीव कोटा, स्वयंपाकाच्या खणात विटा. काकूंना अनवाणी राहायची सवय होती, त्यांच्या तळव्याला खण ओळखता येणार होता.

आम्ही कॉलेजात लेणी शिकलो ती परीक्षेपुरती. हा माणूस तिथून बायकोसाठी चार मापं घेऊन आला. त्या दिवशी उतरताना मला माझ्या पदवीची थोडी लाज वाटली, आणि राग पण आला. राग कुणाचा, ते नाही सांगता येणार.

काम सुरू झालं. गवंडी म्हणून खेडकडचे बबन मिस्त्री आले. काळे, धिप्पाड, तोंडानं फटकळ. ते काकांना तात्या म्हणायचे. पहिल्याच दिवशी दोघांचं वाजलं ते टेपावरून. काकांनी टेप वापरायला बंदी केली. "टेप झोळ खातो," ते म्हणाले. त्यांनी सागाची तीन मीटरची सरळ पट्टी स्वतः रंधून गज केला होता. त्यावर आपल्या खिशातल्या स्टीलच्या पट्टीनं, चाकूच्या टोकानं, दर सेंटिमीटरला खूण. जुने कारागीर असाच गज करायचे, एका घराला एक गज, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं.

"तात्या, एकदा टेपानं बघू का? मनाला बरं वाटंल."

"मिस्त्री, मी मिलिमीटरच्या दहाव्या भागात काम केलंय."

"व्हय, पर मी इटंत काम केलंय. इटंला दहावा भाग न्हाई कळत."

सोळा खांबांच्या जागा गजानं पडल्या. मी साइटवर गेले, दोरी लावून दोन्ही कर्ण तपासले. तंतोतंत सारखे. काटकोन असा की डोळ्याला गार वाटावं. मी रजिस्टरवर सही केली. माझा टेप माझ्या पर्समध्ये होता. तो मी काढला नाही. इतक्या नेमक्या माणसासमोर टेप काढणं मला उद्धटपणाचं वाटलं. आता वाटतं, उद्धटपणा केला असता तर बरं झालं असतं.

खांब झाले. त्यांच्या डोक्यावर काँक्रीटमध्येच बोल्ट गाडून ठेवले, कारण वरून लोखंडी गर्डर येणार होते. ते चाकणच्या एका शेडमध्ये नकाशाप्रमाणे कापून, भोकं पाडून तयार होते. ज्या सकाळी ते आले, काका नवीन शर्ट घालून आले होते. काकूंनाही आणलं होतं, खुर्चीवर उन्हात बसवलं होतं. पहिला गर्डर चढला. एका टोकाची भोकं बोल्टवर बसली. दुसरं टोक तीन सेंटिमीटर अलीकडे थांबलं.

दुसरा गर्डर. तेच. तिसरा. तेच.

शेडवाल्यांचा माणूस म्हणाला, आमचं माप बरोबर आहे, बघून घ्या. काका म्हणाले, माझं बरोबर आहे. बबन मिस्त्रींनी माझ्यासमोर हात केला. मी पर्समधून टेप दिला. त्यांनी तो काकांच्या गजाला लावला, वाकून पाहिलं, पुन्हा लावला.

"तात्या," ते हळू आवाजात म्हणाले, "तुमचा मीटर जरा धष्टपुष्ट हाय."

काकांनी खिशातली पट्टी काढली. तिच्याकडे बघत राहिले, आणि मी पाहिलं, त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

वितळलेलं बीड थंड होताना आकसतं. शंभराला एक भाग. म्हणून पॅटर्न तेवढाच मोठा करावा लागतो. दरवेळी हिशोब नको म्हणून पॅटर्नमेकरकडे एक खास पट्टी असते. आकडे नेहमीचेच, पण प्रत्येक सेंटिमीटर किंचित लांब. नोकरीभर त्या हातानं त्या पट्टीशिवाय काही मोजलं नव्हतं. कंपनी सुटली, पट्टी खिशात राहिली. सगळं घर त्यांनी असं मोजलं होतं, जणू ते ओतल्यावर थंड होऊन आकसणार आहे.

तीन मीटरला तीन सेंटिमीटर. पाच पावलांत बाईच्या पायाला ते कळतही नाही. लोखंडाला कळतं.

"काय झालं?" काकू उन्हातून विचारत होत्या. "अहो, कुणी सांगाल का? काय झालं?"

"घर वाढलं," काका म्हणाले. "जरासं."

मी त्याच दिवशी उपाय काढला. गर्डरच्या टोकांना प्लेटा वेल्ड करायच्या, नवी भोकं पाडायची. पंधरा दिवसांचं काम. काकांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "ठिगळ होईल ते." दोन दिवसांनी पाइपातून नवा कागद काढला. जुन्या लाकडी बांधणीत खांब आणि तुळई यांच्यामध्ये एक तुकडा असतो, दोन्ही बाजूंना हात पसरलेला. त्याला हस्तच म्हणतात. तुळई थोडी अपुरी असली तरी हस्त तिला उचलून घेतो. काकांनी बिडाचे हस्त काढले होते: कोपऱ्याला दोन हातांचे, कडेला तीन, मधल्यांना चार. सोळा नग. खाली खांबाच्या बोल्टवर बसतील, वर हात पुढे करून गर्डर घेतील.

डिझाइन सुंदर होतं, नाही म्हणणार नाही. बीड ताणाला कच्चं असतं, म्हणून मी हिशोब करून जाडी वाढवायला लावली. तेवढं माझं ऐकलं. पण वेळेचं नाही ऐकलं. मी स्पष्ट बोलले. "काका, प्लेटा पंधरा दिवसांत. हे दीड महिना खाईल. काकूंकडे तेवढा वेळ आहे का?"

ते म्हणाले, "माझी चूक आहे ती तिच्या डोक्यावर वेल्डिंग करून ठेवू?"

हे मी त्यांच्या कौतुकासाठी लिहीत नाही. तेव्हा मला ते चुकीचं वाटलं होतं, आजही निम्मं वाटतं. अभिमान हा रोग मला चांगला ओळखता येतो, माझ्या घरात तो टीव्हीच्या वर लावलेला आहे.

काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "करू दे त्यांना. पण पहिला नमुना माझ्या हातात द्या." काकांनी त्यांच्या निगडीच्या फ्लॅटमधल्या गॅलरीत बसून सागवानी पॅटर्न केला आणि काकूंच्या मांडीवर ठेवला. काकूंनी त्यावरून दोन्ही हात फिरवले, जसं नवं बाळ चाचपून बघतात. "हत्तीचे कान आहेत," म्हणाल्या. "गुळगुळीत केलंत. वर कोण हात लावणार आहे?"

"तू लावलास ना," काका म्हणाले.

त्याच वाढीव पट्टीनं केलेले पॅटर्न ओतून, थंड होऊन आले ते चोख मापात. त्या घरात त्या पट्टीनं पहिल्यांदाच खरं माप दिलं. पण फाउंड्रीला मोठी ऑर्डर लागली, आमचे सोळा नग मागे पडत गेले, आणि दीड महिन्याचे चार झाले. मधेच एकदा काकूंनी मला ऑफिसात फोन केला. "वैशाली, तुझ्या टेबलावर तो नकाशा आहे ना, त्याच्यावर रंग कुठला दिलाय ओट्याला? मला आठवत नाही." मी म्हटलं, लाल. तेव्हा मला कळलं, त्यांना आता विचारावं लागतंय.

घरभरणीच्या दिवशी काकू पहिल्यांदा त्या घरात शिरल्या तेव्हा त्यांना फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. मधल्या चौकात उभ्या राहून त्यांनी मान वर केली. "इथं वर मोकळं आहे," म्हणाल्या. बाकी काही त्यांनी पाहिलं नाही. ना लाल ओटा, ना हत्तीचे कान.

पाहुणे जेवत होते तेव्हा काका माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. ताटाकडे बघत म्हणाले, "इंजिनियरबाई, तुझ्या प्लेटा बरोबर होत्या." त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

घर बांधायच्या त्या लांबलेल्या महिन्यांत आणखी एक गोष्ट झाली होती. दक्षिणेकडच्या मोकळ्या प्लॉटवर कुणीतरी पत्र्याची शेड टाकली आणि तिच्यात पॉवर प्रेस बसवली. सकाळची शिफ्ट लागली की धप्प, थोडा वेळ, धप्प. जमिनीतून जाणवायचं. राहायला गेल्यावर काका वैतागले. आयुष्यभर कंपनीचा आवाज कानात घेतल्यावर त्यांना निदान घरात शांतता हवी होती, आणि काकूंना पावलं मोजायला तर हवीच होती. दक्षिणेची विटांची जाळी बुजवून दुहेरी भिंत घालायचं त्यांनी ठरवलं. बबन मिस्त्री विटा घेऊन हजर झाले. मी पण त्या दिवशी होते, भिंतीची जाडी सांगायला.

काकू विटांच्या खणात स्वयंपाक करत होत्या. घमेल्याचा आवाज ऐकून बाहेर आल्या. "काय चाललंय?"

"जाळी बुजवतोय. आवाज बंद."

"नको."

"अगं, मोजताना चुकशील."

"मोजतंय कोण?"

काका थांबले. "तू मोजत नाहीस?"

"पाच पाच पावलं मोजत बसले तर दुधाकडं लक्ष कधी देऊ?" काकू म्हणाल्या. "चार दिवस मोजली, तुमच्या समाधानासाठी. मग सोडून दिली. ते धप्प तिकडून येतंय ना, मग तिकडं स्वयंपाकाचा ओटा. पाठीवर आलं की मी दाराकडं चाललेय. गालावर आलं की चौक. सूर्य कसा असतो, तसं आहे ते. बुजवलंत तर मी फिरू कशी?"

काकांची नजर जमिनीवर होती. वेगवेगळ्या फरश्या, सरळ रेघा, सोळा खांब. एवढं घर त्यांनी पावलावर बेतलं होतं, आणि बायको चालत होती ती शेजारच्या गोंगाटावर.

बबन मिस्त्रींनी कोंडी फोडली. "तात्या, इटा परत न्यायच्या व्हय?"

"न्या."

"मजुरी मात्र पुरी लागंल. भिंत न बांधायला पण आर्धा दिवस गेला."

काकू हसल्या. काका हसले नाहीत, पण मिस्त्रींना चहा द्यायला सांगितला. काकूंनी तो केला, आणि स्वतः आणून दिला.

मग मला दुसरीकडे नोकरी लागली, नाशिकला. निरोप घ्यायला गेले तो गुरुवार होता. गुरुवारी आमच्या भागात कंपन्यांना सुट्टी असते. चाकणचा रस्ता एरवी ट्रकांनी फुललेला, त्या दिवशी मोकळा होता. चहाच्या टपऱ्याही निम्म्या बंद. मनात आलं, आज प्रेस बंद असणार. गुरुवारी काकू एका जागी बसून राहतात, दोनदा खांबाला खांदा लागला, असं काकाच फोनवर बोलले होते.

फाटकाशी पोचले तर आवाज येत होता. धप्प. थोडा वेळ. धप्प.

शेडला कुलूप होतं. मी घराला वळसा घालून दक्षिणेला गेले. जाळीच्या बाहेर, सावलीत, काका लाकडाच्या ओंडक्यासमोर बसले होते. हातात मोठी लाकडी हातोडी. ओंडक्यावर काम काहीच नव्हतं. ना पॅटर्न, ना खिळा. वर उचलायची, मनात काहीतरी मोजायचं, खाली सोडायची. मला बघून त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

जाळीतून आत सगळं दिसत होतं. काकू ओट्याकडून निघाल्या होत्या, हातात ट्रे, त्यात तीन कप. माझी चाहूल त्यांना फाटकापासूनच लागली असणार.

"वैशाली आलीस का?" त्या आतूनच म्हणाल्या. "बस चौकात. आज बघ, प्रेसवाल्यांनी गुरुवारची पण सुट्टी घेतली नाही. म्हातारा माणूस आहे वाटतं कामाला, मधे मधे दमतोय."

काकांचा हात वर तसाच राहिला. एक ठोका चुकला. चौकाच्या कडेला काकू थांबल्या, ट्रे सांभाळत, मान किंचित कलती करून.

मग हातोडी पडली, आणि त्या चालू लागल्या.